कारभारींची टोपी

इतकी वर्षं शेजारी राहूनही मी कारभारींचं डोकं कधी पाहिलं नव्हतं. ते पाहिलं तेव्हा मला आधी ओळखच पटली नाही. कुंपणापाशी कोणी परका माणूस उभा आहे असं वाटून मी चष्मा लावायला आत गेले.

मखमलाबाद रस्त्यावर आम्ही घर बांधलं तेव्हा चारी बाजूंना मळे होते. आता उजवीकडे सहा मजली इमारत आहे आणि मागे लग्नाचं लॉन आहे. डावीकडे मात्र अजून कारभारींचा मळा टिकून आहे. झेंडू, शेवंती, थोडे गुलाब, बांधाकडेला मेथी-कोथिंबीर. आमच्या मधल्या कुंपणाची तार एके ठिकाणी वाकवलेली आहे. त्या फटीतून रोज सकाळी पानात बांधलेली फुलं येतात. देवाची वेगळी, आणि आमच्या ह्यांच्या फोटोसाठी एक गुलाब वेगळा. हे गेले त्या दिवसापासून तो गुलाब कधी चुकलेला नाही. मी रोज रोजनिशी लिहिते, त्यात फुलांचा रंगही लिहिते, म्हणून खात्रीने सांगते.

माणूस साधा, कमी बोलणारा. नावच कारभारी, त्यामुळे त्यांच्या बायकोची, नवसाबाईंची, मोठी सोय झाली. "आमचे कारभारी" म्हटलं की नवऱ्याचा उल्लेखही होतो आणि नाव घेतल्याचा संकोचही वाटत नाही. त्यांच्या पिढीतली नवऱ्याचं नाव उघड घेणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. मी त्यांना तसं म्हटलं की त्या पदर तोंडाला लावून हसत.

आणि कारभारी म्हणजे टोपी. पांढरी, खळ घातलेली, नीळ जरा जास्त झालेली. नवसाबाई त्या टोप्या धुऊन तारेवर चिमटे लावून वाळवत आणि मग गादीखाली घडी करून ठेवत. मळ्यात, बाजारात, मयतीला, बारशाला तीच टोपी. आमच्या ह्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी रिक्षात पुढे बसलेली ती टोपीच मला आठवते, मागून.

त्यांचा एकुलता एक मुलगा शेखर. शेतीचा डिप्लोमा केला, जरबेऱ्यासाठी छोटं पॉलीहाऊस उभं केलं, वागायला गोड. पंचविशी ओलांडली आणि त्याचे केस विरळ व्हायला लागले. आधी कपाळावरून, मग टाळूवर. तो कुठल्याशा बियाणे कंपनीची निळी कॅप घालायचा. आधी उन्हासाठी, नंतर लपवण्यासाठी. मुली बघायला सुरुवात झाली तेव्हा ती कॅप त्याच्या डोक्याला जणू चिकटलेली होती. निफाडकडच्या एका घरी मुलीच्या बहिणीने फोटो काढताना म्हटलं, "भाऊजी, टोपी काढा ना, चेहरा अंधारात येतो." याने काढली. आठवड्याभरात नकार आला. नकाराचं खरं कारण शेती असेल, पत्रिका असेल, आणखी काही असेल. पण या घराने ठरवून टाकलं की केसांमुळे.

"कॅपनंच गेलेत," नवसाबाई म्हणाल्या. "रात्रंदिवस झाकून ठेवतो. केसाला हवा लागली पाहिजे का नाही, माई?"

मला ते पटत नव्हतं, पण मी काही डॉक्टर नाही. माझ्या एका मैत्रिणीची सून, साधना, कॉलेज रोडला त्वचेची डॉक्टर आहे. मी शेखरला आणि कारभारींना घेऊन तिच्याकडे गेले. तिने शेखरचं डोकं भिंगाखाली नीट पाहिलं आणि सगळं समजावून सांगितलं. केसाच्या मुळाला हवा लागत नाही, त्याचं सगळं पोषण रक्तातून होतं. टोपीने केस जात नाहीत. टोपी फार घट्ट असेल, ओढून बसवलेली असेल, तर केस तुटतात. घामट, न धुतलेली असेल तर कोंडा होतो, फोड येतात. एवढंच. उलट उन्हात काम करणाऱ्याने डोकं झाकलेलंच बरं. हे जे टक्कल आहे ते घराण्यातून येतं.

"घराण्यातून," कारभारी हळूच म्हणाले. एवढा एकच शब्द त्यांनी उचलला.

"हो, काका. वडिलांकडून, आजोबांकडून. त्यात कोणाचा दोष नसतो."

परतताना रिक्षात शेखर औषधाच्या पावतीकडे बघत बसला होता. घर आल्यावर शेखर आत गेला तसे कारभारी माझ्या फाटकाशी थांबले.

"माई, डॉक्टरीणबाईंनी बरोबर सांगितलं."

मला बरं वाटलं.

"घराण्यातून आलं म्हणाल्या. माझ्या आज्यानं टोपी घातली, बापानं घातली, मी घातली. घराण्यातून दुसरं काय आलंय? टोपीच आली ना."

"अहो, तसं नाही. रक्तातून."

"बारदान पडून राहिलं की खालचं गवत पिवळं पडतंय. तुम्ही बघितलं असंल. उचललं की तेवढाच चौकोन पिवळा." मग त्यांनी टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. "टोपी जिथपर्यंत, टक्कल तिथपर्यंत. खाली कानाजवळ केस हायेत, मागं मानेवर हायेत. जिथं टोपी बसती तिथंच नाय."

मी म्हटलं, "आमच्या ह्यांनी आयुष्यात टोपी घातली नाही. त्यांचंही टक्कल अगदी याच आकाराचं होतं."

"साहेब हेल्मेट घालायचे ना, स्कूटरवर."

"बरं, मग नवसाबाई? जन्मभर डोक्यावर पदर. त्यांचा अंबाडा मुठीत मावत नाही."

"पदर पातळ असतो. हवा खेळती."

"आमच्या शाळेतल्या सिस्टर. कपाळापासून मानेपर्यंत जाड कापड, बारा महिने. आम्ही मुली पैजा लावायचो की आत केस आहेत की नाहीत. एकदा मैदानावर वाऱ्याने कापड सरकलं तर दाट काळे केस."

त्यांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "ती देवाची माणसं."

मी हरले. वाद घालणारा माणूस चिडला तर त्याच्याशी बोलता येतं. कारभारी चिडत नव्हते. त्यांना काहीतरी सापडलं होतं आणि ते स्वतःवरच रोखलेलं होतं. जाता जाता म्हणाले, "शेखर लहान व्हता तेव्हा मीच माझी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवायचो. डोळ्यापर्यंत यायची. बाजारात मिरवायचो त्याला तसा. लोक म्हणायचे, छोटे कारभारी."

नवरात्रात ते वणीच्या गडावर गेले. दरवर्षी जातात. या वर्षी उतरले ते बोडक्या डोक्याने, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना परका माणूस समजले. चष्मा लावून पुन्हा बाहेर आले तर पानाची पुडी तारेतून पुढे येत होती. भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून एक सरळ रेघ होती. रेघेखाली उन्हाने रापलेला चेहरा, आणि रेघेवर अगदी कोवळं, गोरं, लहान मुलासारखं डोकं. मला पाहायला संकोच वाटला.

"टोपी कुठे?"

"आईपाशी ठेवली," ते म्हणाले. आई म्हणजे सप्तशृंगी. "बोललो तिला. शेखरच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत माझ्या डोक्याला टोपी लावणार नाय. टोपी नाय, रुमाल नाय, काहीच नाय."

आणि देवी पावली असंच म्हणायचं, कारण दिवाळीच्या आधीच वेदिकाचं स्थळ आलं.

हे स्थळ गोटीरामने आणलं. गोटीराम कारभारींचा मावसभाऊ, देवळ्याला राहतो, कांद्याच्या आडतीवर असतो आणि सोयरिकी जमवणं हा त्याचा आवडता उद्योग. देवळ्याजवळच्या गावातली मुलगी, कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. वडील ती लहान असताना गेले. काकाने, काळूतात्यांनी, पोटच्या मुलीसारखी वाढवलेली. बघायला शेखर, नवसाबाई आणि गोटीराम गेले. दसऱ्यानंतर शेवंतीची तोड चालू होती म्हणून कारभारी गेले नाहीत. ते गेले असते तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

शेखर तिथून आला तो थेट माझ्याकडे. कॅप हातात होती.

"आजी, मी बसल्या बसल्या काढूनच टाकली. म्हटलं, नंतर नको."

"मग?"

"ती हसली. म्हणाली, आमच्या घरात केसवाला पुरुष मी अजून पाहिलेला नाही. आणि मग विचारलं की जरबेऱ्याला पाणी किती दिवसांनी देता."

त्या दिवसापासून त्याने कॅप घातली नाही. इतक्या वर्षांत त्याला मोकळेपणाने हसताना मी तेव्हा पाहिलं. रात्री मळ्यातून त्याच्या फोनवरच्या बोलण्याचा आवाज यायचा, मध्येच हसण्याचा. एकदा तिने त्याच फोनवर माझ्याशीही गप्पा मारल्या. कोणती पुस्तकं वाचता विचारलं आणि स्वतःच यादी सांगत सुटली. ही मुलगी या घरात यावी असं मला मनापासून वाटू लागलं.

साखरपुडा मार्गशीर्षात ठरला, मुलीच्या दारी. मला नेण्याचा आग्रह झाला. निघायच्या आधी गोटीराम आला होता तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

"गोटीराम, तिथे व्याह्याला टोपी-टॉवेल करतील ना?"

"करणारच. मानाचं असतंय ते."

"कारभारींचा नवस आहे. काळूतात्यांना आधी सांगून ठेवलंय का?"

"माई, तुम्ही कशाला काळजी करता? माझ्यावर सोडा. सोयरिकीत आधीच काही सांगितलं की फाटे फुटतात. वेळेवर कानात सांगतो."

सोग्रस फाट्यावर चहा झाला. भावडबारीचा घाट चढताना नवसाबाई मला वेदिकासाठी घेतलेली साडी तिसऱ्यांदा दाखवत होत्या. कारभारींनी स्वतःच्या मळ्यातल्या शेवंतीचे दोन मोठे हार केले होते, ते मांडीवर सुपात धरून बसले होते. खिडकीतून वारा येत होता. ते एकसारखे हात डोक्याकडे नेत आणि टोपी नाही हे आठवून खाली घेत.

मुलीच्या घरी अंगणात मांडव होता. गावच्या पाहुण्यांची गर्दी होती. पुरुष एका बाजूला, आम्ही बायका एका बाजूला. समोर बघितलं तर पांढऱ्या टोप्यांची रांगच. त्या रांगेत कारभारी बसले तसा आजूबाजूचा आवाज थोडा खाली आला. माझ्या शेजारी वेदिकाची आजी, भागीबाई, बसली होती. ती जावेच्या कानाशी लागून म्हणाली, "याहीनी टोपी कोठे शे?" म्हणजे व्याह्यांची टोपी कुठे. जाऊ म्हणाली, "घरात कोणी वारलं असेल का हो?" वडीलधाऱ्या माणसाचं बोडकं डोकं तिकडे सुतकात दिसतं, शुभकार्यात नाही. मी घाईने सांगितलं, नाही, तसं काही नाही, नवस आहे. भागीबाईंनी मान हलवली, पण नजर काढली नाही.

मी गोटीरामला शोधलं. तो आचाऱ्याशी जिलेबीवरून वाद घालत होता.

आधी शेखरला टिळा, टोपी, टॉवेल, नारळ झालं. त्याच्या डोक्यावर टोपी बसली तेव्हा माझ्या आणि आजीच्या मध्ये येऊन बसलेल्या वेदिकाने माझ्या हाताला चिमटा काढला आणि म्हणाली, "पुढारी दिसताहेत." मी हसले. त्या अंगणातलं माझं ते शेवटचं हसणं.

मग काळूतात्या उठले. उंच माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज मोठा. ताट भावजयीने धरलं होतं. त्यांनी कारभारींच्या कपाळाला कुंकू लावलं आणि कडक इस्त्रीची नवी टोपी दोन्ही हातांनी उघडली.

कारभारींनी हात जोडले. "तात्या, हातात द्या."

काळूतात्यांना वाटलं व्याही संकोच करतायत. मानपानात नको-नको म्हणायची रीत सगळीकडेच आहे आणि ते न ऐकता आग्रह करायचीही आहे. ते मोठ्याने हसले. "हातात? टोपी काय हातात देतात का, याही? डोक्यावर चढवायची असते."

"नाय तात्या, खरंच नको."

"आता नको म्हणून कसं चालेल? पोरगी देतोय तुम्हाला!" मंडळी हसली. काळूतात्यांनी टोपी पुढे नेली. कारभारी मागे सरले. तात्या आणखी पुढे झाले आणि टोपी डोक्यावर ठेवायला गेले, तशी कारभारींनी झटक्यात मान खाली घातली.

टोपी जमिनीवर पडली.

एवढंच झालं. कोणी ढकललं नाही, कोणी झिडकारलं नाही. पण आता मांडवात आचाऱ्याच्या कढईचा आवाज तेवढा येत होता.

"तात्या, नवस हाय," कारभारी घाईघाईने बोलायला लागले. त्यांना खोटं बोलता येत नाही, अर्धवट बोलणंही जमत नाही. "टोपीनं केस जातात. माझे गेले, माझ्या पोराचे गेले माझ्यामुळं. म्हणून आईला बोललो, की लग्न होईस्तोवर..."

"टोपीनं केस जातात?"

काळूतात्यांनी स्वतःची टोपी काढली. खाली तुळतुळीत टक्कल. मग आपल्या भावकीकडे वळून म्हणाले, "आण्णा, काढा. सोमा, काढ तू पण." दोघांनी काढल्या. तशीच डोकी. दुसरा कोणताही दिवस असता तर सगळे पोट धरून हसले असते.

"आमच्यात कोणाला केस आहेत? आम्ही तुमच्या पोराचे केस बघितले का? विचारलं का एका शब्दानं?" आवाज आता मोठा नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "केसासाठी तुम्ही मानाची टोपी खाली पाडली."

"पाडली नाय, तात्या. पडली."

"ती टोपी माझी नव्हती, याही. माझ्या भावाची होती. आज तो इथं उभा असता. त्याच्या जागी मी हात पुढे केला."

माझ्या शेजारून वेदिका उठू लागली. आजीने तिला हाताला धरून खाली बसवलं. मग मी उठले. पुरुषांच्या बाजूला जाऊन सांगितलं की कारभारी कसे आहेत, नवस का आणि कधी बोलले, गोटीरामने सांगायचं होतं ते राहिलं. गोटीराम मान खाली घालून जिलेबीच्या ताटाकडे बघत होता. काळूतात्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"माई, तुम्ही मोठ्या आहात. खोटं बोलत नसाल. पण पाच गावचे पाहुणे बसलेत. त्यांनी काय बघितलं ते बघितलं."

अंगठी घातली गेली नाही. पाहुण्यांना उपाशी पाठवायचं नाही म्हणून आम्हाला जेवायला वाढलं. आम्ही जेवलो. निघताना नवसाबाईंनी वाकून ती टोपी उचलली, झटकली आणि कमरेला खोचली. कारभारींचे हार सुपातच होते. घाट उतरताना ते त्यांनी पायाशी ठेवले.

शेखर बापाला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

संक्रांतीनंतर गोटीराम निरोप घेऊन आला. काळूतात्या निवळले होते. मुलगी दुसरीकडे द्यायला तयार नाही, रडून घर डोक्यावर घेतलंय. तात्यांची एकच अट आहे. कारभारींनी गावात यावं, पंचांसमोर तात्यांच्या हातची टोपी डोक्यावर घालून घ्यावी. त्याच दिवशी साखरपुडा, पंधरा दिवसांत लग्न. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट बघतील. तोवर आले नाहीत तर दुसरीकडून विचारणा आहे, तिकडे शब्द देतील.

आम्ही सगळे कारभारींच्या ओसरीवर बसलो होतो. नवसाबाईंनी देवाला हात जोडले. शेखर बापाकडे बघत होता.

कारभारी म्हणाले, "अक्षता पडल्या की त्याच मांडवात घालतो. तात्यांच्या हातानं. दहा घालतो."

"अरे, अक्षता पडायला आधी टोपी घालावी लागेल ना!" गोटीराम ओरडला.

"टोपी घालायला आधी अक्षता पडाव्या लागतील."

असं त्या दिवशी आम्ही कितीदा फिरलो असू. बैलाने रहाटाभोवती फिरावं तसं. मी काळूतात्यांना फोन केला. ते अदबीने बोलले. "माई, नवस मला समजतो. मीही गडावर जातो. पण गावाला कसं समजावू? टोपी डोक्यावर दिसली पाहिजे." शेखर म्हणाला, कोर्टात लग्न करतो. वेदिकाने नकार दिला. ज्याने बापाच्या जागी वाढवलं त्याला वगळून ती लग्न करणार नव्हती, आणि मला तिचंही चुकलं असं वाटत नाही.

साधनाकडे मी कारभारींना पुन्हा नेलं. तिने परत सांगितलं, काका, टोपीचा आणि केसांचा काही संबंध नाही. ते मान हलवत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आता केसाचं कोण बोलतंय, माई? केसाचं मी कधीच सोडलं. चुकलं असंल माझं. पण शब्द तर दिला ना."

शेवटचा उपाय म्हणून मी सुचवलं, "त्र्यंबकेश्वरला विचारू. नवस सोडवायला काही विधी असेल. नाहीतर गडावरच जाऊन देवीची क्षमा मागा, सांगा की अडचण झाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मी काहीतरी भलतंच बोलले असावं, तसे.

"माई, देवीला टोपी घालू का मी?"

माणसाला फसवणं आणि डोकं झाकणं, या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच शब्द का आहे कोण जाणे. त्या एका शब्दात ते अडकले होते आणि त्यांच्यामागे ते सगळं घर.

उन्हाळा आला. चैत्रात नाशिकला असं ऊन मी पूर्वी पाहिलं नव्हतं. कारभारी बोडक्यानेच झेंडू तोडायचे. डोक्याची कातडी आधी लाल झाली, मग सोलून निघाली, मग काळवंडली. मी छत्री दिली. फुलं तोडायला दोन्ही हात लागतात. नवसाबाईंनी ओला टॉवेल टाकायला सांगितलं. तेही नाही. एकदा त्यांना चक्कर येऊन ते बांधावर बसले तेव्हा मी साधनाकडून मलम आणलं. शेखरने ते बापाच्या डोक्याला लावलं. मुलाची बोटं त्या डोक्यावरून गोल गोल फिरत होती, आणि मी तिथून निघून आले.

भुवयांच्या वरची ती रेघ आता उरलेली नव्हती. चेहरा आणि डोकं एका रंगाचं झालं होतं.

आखाजीच्या दिवशी सकाळी गुलाब आला, पण नवसाबाई घेऊन आल्या. दुपारी कारभारी कडुलिंबाखाली बाजेवर झोपले होते. मी व्हरांड्यात होते. नवसाबाई कुंपणापाशी आल्या. हातात ती टोपी होती, मार्गशीर्षातली. धुतलेली, नीळ दिलेली.

"माई, एक विचारू? झोपलेल्या माणसाला घातली तर नवस मोडतो का?"

मी उठून कुंपणापाशी गेले.

"एक फोटो काढते. शेखर काढंल. तात्यांच्या मोबाईलवर पाठवू. म्हणू, घातली बघा. आज आखाजी हाय."

शेखर त्यांच्यामागे उभा होता, फोन हातात धरून. मला वाटलं तो आईला थांबवेल. तो थांबवत नव्हता.

नवसाबाई बाजेपाशी गेल्या. ऊन सरकलं होतं आणि लिंबाची सावली कारभारींच्या खांद्यापर्यंतच राहिली होती. त्या वाकल्या. टोपी दोन्ही हातांनी उघडली आणि डोक्यावर नेली. शेखरने फोन वर केला.

टोपी तिथेच थांबली. डोक्यापासून वीतभर वर. त्यांचे हात खाली येत नव्हते. टोपीची लहानशी सावली त्या काळवंडलेल्या डोक्यावर पडली होती. झोपेत कारभारींच्या कपाळाची आठी सैल झाली.

शेखरने फोन खाली घेतला. खिशात ठेवला. तो पॉलीहाऊसकडे निघून गेला.

नवसाबाई मात्र तशाच वाकून उभ्या राहिल्या, टोपी न टेकवता, सावली हलणार नाही अशा बेताने. पुष्कळ वेळ. बाजेखाली ठेवलेला कारभारींचा फोन दोनदा वाजून बंद झाला; आखाजीचा दिवस, तात्यांचाच असणार. तो उचलायला त्यांचा हात मोकळा नव्हता.